गाठोड्यातला हिवाळा

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीमध्ये, अलाबामा नदी एवढं मोठं वळण घेते की आतली जमीन तिन्ही बाजूंनी पाण्यात सापडते. या वळणातल्या वस्तीचं नाव गीज बेंड. सरकारदरबारी ती आता बॉयकिन आहे, पण गोधड्यांविषयी बोलणारं कुणी बॉयकिन म्हणत नाही. हा मुलूख बर्फाचा नव्हे. तरी डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री पारा शून्याखाली उतरतो, नदीवरचा ओलसर वारा सुटतो, आणि ओंडके रचून मातीनं लिंपलेल्या घरात तो फटीफटीतून आत येतो. आर्थर रॉथस्टीन हा छायाचित्रकार १९३७ साली सरकारी कामावर इथे आला होता. त्याच्या चित्रांत घरांच्या भिंतींना आतून वर्तमानपत्रांची आणि मासिकांची पानं डकवलेली दिसतात. वारा अडवायला तेवढाच उपाय हाताशी होता. चुलाणं एक आणि माणसं पुष्कळ, अशा घरात रात्र निघायची ती गोधड्यांच्या थरांत. काही अंगाखाली, उरलेल्या अंगावर.

याच वस्तीतल्या गोधड्या आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. बहुतेक लिखाण संग्रहालयाच्या भिंतीपासून सुरू होतं: रंगांची धिटाई, तिरक्या रेषा, आधुनिक चित्रकलेशी दिसणारं साम्य. ते खोटं नाही. पण भिंतीवर लटकलेली गोधडी पाहून एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे तिचं निम्मंअधिक रूप पहिला टाका पडण्याआधीच ठरलेलं असतं. घरात कोणतं कापड साठलं, किती साठलं, कुणाच्या अंगावर विरून ते गाठोड्यात आलं आणि थंडी पडायला किती दिवस उरले, यावर ते ठरतं. म्हणून या विषयाची ओळख गाठोड्यापासून करून द्यायला हवी.

कापसाच्या शेतीचं वर्ष आधी समजून घेतलं पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या पट्ट्यात वसंतात पेरणी, मग उन्हाळाभर खुरपणी, आणि ऑगस्टअखेरपासून वेचणी. वेचणी नोव्हेंबरपर्यंत लांबायची. बायका पुरुषांच्या बरोबरीनं शेतात असत, त्यामुळे सुई हातात धरायला सवड मिळायची ती पीक घरातून गेल्यावर. आपल्याकडे गणित उलटं आहे. महाराष्ट्रात गोधडी शिवायची ती सुगी उरकल्यावर, उन्हाळ्यात, कारण शेतात काम नसतं, अंगणात कडक ऊन असतं आणि पावसाळ्याच्या आत ती हाताशी यायला हवी असते. अलाबामात थंडी दारात उभी असतानाच शिवण चालायची. वरचा तुकड्यांचा पदर प्रत्येक बाई आपापल्या घरी, एकटीनं जोडी. थर एकत्र शिवायची वेळ आली की शेजारणी जमत, लाकडी चौकटीभोवती बसत आणि आज हिच्या घरची, उद्या तिच्या घरची अशी कामं उरकत. कित्येक घरांत ही चौकट दोरांनी आढ्याला टांगलेली असे. दिवसा खाली घ्यायची, रात्री जेवण-झोपेसाठी वर ओढायची, एवढीच जागा घरात होती.

आत घालायची भरसुद्धा विकत येत नसे. जिनिंगमध्ये जमिनीवर सांडलेला, मळका, सरकीचे तुकडे मिसळलेला कापूस झाडून आणायचा आणि काठीनं झोडपून झोडपून मोकळा करायचा. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यासाठी कापूस वेचला, त्यांच्या अंथरुणात त्याच कापसाची झाडलोट गेली.

आणि वरचं कापड? पुरुषांच्या डेनिमच्या कामाच्या पँटी, सदऱ्यांच्या पाठी, बायकांच्या झग्यांचे घेर, एप्रन, पिठाची आणि खताची पोती. बटणं काढून डब्यात जायची. गुडघ्यावर फाटलेली पँट मांडीवर आणि पोटरीवर अजून धड असते, हे ज्या बाईला ठाऊक आहे तिच्या दृष्टीनं ती पँट संपलेली नसते. इथे या गोधड्यांच्या रचनेचं एक उत्तर मिळतं, जे चित्रकलेच्या चर्चेत क्वचित येतं. पँटीचा पाय उसवून उलगडला की हाती लांबट, वर रुंद आणि खाली निमुळती पट्टी येते. सदऱ्याची पाठ उसवली की बऱ्यापैकी मोठा चौकोन येतो. बाही म्हणजे पुन्हा पट्टी. ज्या घरच्या गाठोड्यात पँटीच जास्त, त्या घरची गोधडी उभ्या पट्ट्यांचीच होणार. तिच्या रेषा किंचित कलणार, कारण पाय मुळातच कललेला कापलेला असतो. त्या कललेल्या रेषेला पुढे समीक्षकांनी लय म्हटलं. लय आहेच. ती शिंप्याच्या कापणीतून आली आहे, आणि बाईनं ती सरळ करण्यात कापड वाया घालवलं नाही.

लोरेटा पेटवे यांच्या पट्ट्यांच्या गोधड्या या दृष्टीनं पाहाव्यात. त्यांना शिवणाची आवड नव्हती, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. घरात थंडी होती, पोरं होती आणि पैसे नव्हते, म्हणून त्या शिवायला बसल्या. ज्या नमुन्याला इंग्रजीत आळशी पोरीचा नमुना म्हणतात, तो नुसत्या उभ्या पट्ट्यांचा नमुना त्यांनी डेनिममध्ये असा शिवला आहे की निळ्या-राखाडी छटांचं ते शेत पाहताना डोळा हलत नाही. आवडीशिवाय एवढं नेमकं काम होऊ शकतं, हे मान्य करायला कलेच्या अभ्यासकांना जड जातं.

गीज बेंडमध्ये पेटवे हे आडनाव घरोघर आहे. जोसेफ गी यानं १८१६ च्या सुमारास इथे कापसाचा मळा वसवला. कर्जापोटी तो १८४५ मध्ये मार्क पेटवेकडे गेला. त्यानं शंभराच्या आसपास गुलाम नॉर्थ कॅरोलायनाहून अलाबामापर्यंत पायी चालवत आणले. गुलामगिरी संपल्यावरही त्यांची मुलंबाळं तीच जमीन खंडानं कसत राहिली आणि मालकाचं आडनाव त्यांच्याकडेच राहिलं. बियाणं, खत, मीठ-मिरची सगळं उधारीवर, आणि उधारी फिटायची कापसावर.

एकोणीसशे बत्तीस साल या वस्तीला विसरता आलेलं नाही. कापसाचा भाव आधीच कोसळला होता. उधार देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेनं बाकी वसूल करायला माणसं धाडली. त्या माणसांनी औतं, गाड्या, गुरं, कोंबड्या, कणगीतला मका, साठवलेली रताळी असं दिसेल ते उचलून नेलं. पुढचा हिवाळा लोकांनी कसाबसा काढला. रेड क्रॉसनं नावेतून पीठ आणि अन्नधान्य पाठवलं म्हणून माणसं जगली. वसुलीत कुणी नेत नाही अशी एकच गोष्ट घरात असते, ती म्हणजे चिंध्या. त्या हिवाळ्यात ऊब होती ती त्यांचीच.

त्याच सुमारास, १९३३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं सीअर्स या टपालानं माल पाठवणाऱ्या बड्या कंपनीनं राष्ट्रीय गोधडी स्पर्धा भरवली. पहिलं बक्षीस हजार डॉलरचं. मंदीनं पिचलेल्या देशातून २४ हजारांहून अधिक गोधड्या आल्या. बक्षीस लेक्सिंग्टनच्या एका दुकानदार बाईंना मिळालं आणि ती गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. त्या बाईंनी तिच्यात एक टाकाही घातला नव्हता, हे पुष्कळ वर्षांनी गोधड्यांच्या अभ्यासकांनी शोधून काढलं. शिवणाऱ्या बायका वेगळ्याच होत्या आणि त्यांना बक्षिसातला वाटा मिळाला नाही. ही हकीकत इथे सांगायचं कारण म्हणजे गोधडीला बाजारात किंमत येते तेव्हा ती कुणाच्या हाती पडते, हा प्रश्न या विषयात पुन्हा पुन्हा उभा राहतो. गीज बेंडलाही तो टळला नाही.

मंदीच्या काळातलं अमेरिकेतलं सर्वांत मोठं गाठोडं मात्र पोत्यांचं होतं. पीठ, साखर, मीठ, कोंबड्यांचं खाद्य हे सगळं सुती पोत्यांतून यायचं. शंभर पौंडांचं पोतं उसवलं की वारभर किंवा थोडं जास्त कापड मिळायचं. आधी ही पोती पांढरी असत आणि त्यांच्यावर गिरणीचं नाव ठसठशीत छापलेलं असे. ती शाई घालवायला बायका चरबी किंवा रॉकेल चोळून पोतं रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी साबणाच्या पाण्यात उकळायच्या. तरी कित्येक जुन्या गोधड्यांच्या मागच्या बाजूला कोंबडीचं पुसट चित्र किंवा गिरणीच्या नावाची अर्धी अक्षरं राहिलेली सापडतात. १९२५ च्या सुमारास सेंट लुईसच्या एका गिरणीनं ‘जिंगहॅम गर्ल’ नावाचं पीठ चौकड्याच्या कापडात विकायला काढलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गिरण्यांच्या लक्षात आलं की पीठ कुठलं घ्यायचं हे घरची बाई पोत्याच्या छापावरून ठरवते. मग फुलं, ठिपके, वेलबुट्ट्या आल्या आणि शाई धुऊन निघणारी झाली. झग्याला एकाच छापाची तीन-चार पोती लागत, म्हणून खाद्य आणायला निघालेल्या नवऱ्याच्या हाती नमुन्याचा तुकडा दिला जाई. दुकानदाराला ढिगाच्या तळातलं पोतं काढून द्यावं लागे. १९४२ मध्ये अंदाज असा होता की देशातल्या सुमारे तीस लाख बायकामुलांच्या अंगावर पोत्याच्या कापडाचं काही ना काही आहे. तोंड शिवलेला दोरासुद्धा फेकला जात नसे. तो गुंडाळून ठेवायचा आणि गोधडीचे टाके घालायला वापरायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी पिशवी स्वस्त पडू लागली आणि पन्नासच्या दशकात ही पोती मागे पडली.

पोत्यांच्या गोधड्या आणि गीज बेंडच्या गोधड्या शेजारी ठेवल्या की गाठोड्याचा फरक लगेच दिसतो. पहिलीत बारीक फुलांचे शेकडो लहान तुकडे असतात, कारण घरात छाप पुष्कळ आणि प्रत्येक छापाचं उरलेलं कापड थोडं. दुसरीत तुकडे मोठे आणि रंग मोजके, कारण घरात एकाच जातीचं कापड पुष्कळ.

एक गोधडी जवळून पाहू. मिसुरी पेटवे यांनी ती १९४२ साली शिवली. नवरा नुकताच वारला होता. त्यांनी मोठ्या मुलीला, आर्लोन्झियाला, हाताशी घेतलं आणि नवऱ्याचे कामाचे कपडे उसवायला सुरुवात केली. तेव्हा आर्लोन्झिया विशीच्या आतबाहेर होती. पुढे स्वतः नावाजलेली गोधडीकार झाल्यावर तिनं हा प्रसंग सांगितला. आईचं म्हणणं असं होतं की त्याची आठवण म्हणून ही करायची आणि त्याच्या मायेखाली झोपायचं. ही गोधडी आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिच्यात सुती कापड, कॉर्डरॉय आणि पोत्याचं कापड आहे. मुलीच्या सांगण्याखेरीज तिच्यावर कुणाचंही नाव नाही.

अशा कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांत बघण्यासारखी एक खूण असते. खिसा उसवून काढला की त्याच्याखालचं कापड उन्हापासून आणि धुण्यापासून वाचलेलं असतं. भोवतीचं डेनिम विटून आकाशी झालेलं, आणि मधोमध खिशाच्या आकाराचा गडद निळा डाग. गुडघ्याच्या जागी उलट होतं, तिथे कापड विरून पांढुरकं पडतं. जिथे ठिगळ होतं तिथे ठिगळाची शिवण दिसते. बाईनं हे तुकडे लपवले नाहीत. कित्येकदा ती मुद्दाम खिशाची बाजू दर्शनी ठेवते, असं वाटण्याइतके ते नेमक्या जागी येतात. माणूस कुठल्या पायावर जास्त टेकायचा, खिशात काय ठेवायचा, हे ज्या घरात ठाऊक होतं, तिथे हे डाग ओळखूही येत असतील.

‘हाउसटॉप’ म्हणजे घराचं छप्पर नावाचा नमुना इथे सर्वांत आवडता. मध्ये एक लहान तुकडा घ्यायचा. त्याच्या एका कडेला पट्टी जोडायची, मग वळून दुसऱ्या कडेला, मग तिसऱ्या, असं फिरत फिरत बाहेर यायचं. प्रत्येक फेरीला पट्टी आधीपेक्षा लांब लागते. आणि इथेच गाठोडं बोलू लागतं. निळी पट्टी हातभर कमी पडली तर दुसरं निळं नसतं. मग तिथे लाल जोडायची की राखाडी, हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं. एका बाईचा निर्णय कुठे फिरला हे गोधडीत बोट ठेवून दाखवता येतं. नमुना कागदावर आखलेला असता तर हे झालं नसतं. १८८९ मध्येच सेंट लुईसच्या लेडीज आर्ट कंपनीनं छापील नमुन्यांची यादी विकायला काढली होती आणि १९२८ पासून ‘कॅन्सस सिटी स्टार’ हे वर्तमानपत्र गोधडीचे नमुने छापत होतं. गीज बेंडनं छापील नमुन्यांपुढे मान तुकवली नाही. बायका एकमेकींच्या गोधड्या वसंतात वाळत घातलेल्या पाहायच्या, आणि घरी येऊन तोच नमुना आपल्या पद्धतीनं मोडायच्या.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारनं इथली जमीन विकत घेतली, शंभराच्या आसपास घरं बांधली आणि पुढे ती कर्जानं कुळांनाच विकली. जमीन स्वतःची होती म्हणून साठच्या दशकात मतदानाचा हक्क मागताना त्यांना कुणी हुसकावू शकलं नाही. त्यांना त्रास दिला गेला तो नदीच्या वाटेनं. पलीकडचं कॅम्डेन हे काउंटीचं मुख्य गाव, बाजार तिथे, मतदार नोंदणी तिथे. काळे लोक नोंदणीला जाऊ लागले आणि १९६२ मध्ये नदी ओलांडायची फेरीबोट बंद झाली. काही मिनिटांचं अंतर रस्त्यानं तासाभराचं झालं. ती पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. चार दशकांहून अधिक काळ बाजार असा लांबला, तेव्हा घरातलं गाठोडं हेच कापडाचं दुकान राहिलं.

मार्च १९६६ मध्ये फादर फ्रान्सिस वॉल्टर या धर्मगुरूच्या पुढाकारानं ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही बायकांची सहकारी संस्था निघाली. गोधड्या न्यूयॉर्कला लिलावात गेल्या आणि मोठ्या दुकानांकडून मागणी आली. संस्थेमुळे बायकांच्या हाती पहिल्यांदा स्वतःच्या नावाची मजुरी पडली. दुकानांना मात्र हव्या होत्या एकसारख्या, मापात बसणाऱ्या गोधड्या. तिथे हाउसटॉप मोडता येत नव्हता. १९७२ मध्ये सीअर्सनं कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे बनवायचं काम दिलं. तीच सीअर्स. ताग्यांवर तागे येऊ लागले: सोनेरी, कच्च्या पेरूसारखा हिरवा, नारिंगी, चेरीसारखा लाल. कापणीनंतर उरलेल्या पट्ट्या आणि तुकडे बायकांनी घरी नेले, शेजारणींना वाटले. डेनिमची निळाई जाऊन वस्तीभर कॉर्डरॉयचे झगझगीत रंग आले. कॉर्डरॉय जाड असतं, त्यात सुई सहज शिरत नाही, बारीक तुकडे जोडले तर शिवणीवर गाठी येतात. म्हणून सत्तरच्या दशकातल्या या गोधड्यांत मोठे चौकोन, रुंद पट्ट्या आणि थोड्या शिवणी आहेत. त्या आज पाहणाऱ्याला सर्वांत ‘आधुनिक’ वाटतात.

बाहेरच्या जगात तोवर हवा बदलली होती. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातल्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. गीज बेंडची पाळी ३१ वर्षांनी आली. विल्यम आर्नेट या संग्राहकानं एका पुस्तकात सरपणाच्या ढिगावर टाकलेल्या गोधडीचं छायाचित्र पाहिलं आणि ती शिवणाऱ्या ॲनी मे यंग यांना शोधत १९९८ मध्ये तो इथे पोचला. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग व्हिटनीला प्रदर्शन भरलं. २००६ मध्ये टपाल खात्यानं दहा गोधड्यांची तिकिटं काढली. पुढच्याच वर्षी काही गोधडीकार बायकांनी मोबदला आणि हक्क यांवरून न्यायालयात दावे लावले. २००८ मध्ये ते मिटले. कीर्ती आणि पैसा यांतलं अंतर किती असू शकतं, हे त्या दाव्यांनी उघड्यावर आणलं, आणि ते आलं हे बरंच झालं.

आजची हौशी गोधडीकार कोण? मिनेसोटात किंवा कॅनडाच्या सस्कॅचवानमध्ये पारा उणे तीसला जातो, बाग बर्फाखाली असते, तेव्हा शिवणयंत्रापाशी बसणारी बाई. तिच्या कपाटात विरलेली पँट नाही, नवं कापड आहे. तिचा साठा विकत घेतलेला आहे आणि तो हिवाळ्याच्या कितीतरी आधी जमू लागतो. त्याला हाव म्हणणारे पुष्कळ आहेत. हा शेरा अर्धवट माहितीवरचा आहे. गोधडीचं सुती कापड साधारण ४४ इंच पन्ह्याचं असतं. पाव वार सरळ कापून घेतलं तर ९ इंची अरुंद पट्टी हाती येते. अर्धा वार घेऊन मधून दुभागलं तर १८ बाय २२ इंचांचा तुकडा मिळतो, त्याला ‘फॅट क्वार्टर’ म्हणतात. कापड तेवढंच, पण दुसऱ्यातून मोठा आकार निघतो. अनेक छापांची गोधडी करायची तर प्रत्येकाचा असा थोडा थोडा तुकडा हवा, आणि गडद, मध्यम, फिकट अशा तिन्ही छटा साठ्यात असाव्या लागतात. नवशिकीच्या कपाटात मध्यम छटाच भरमसाट जमते, कारण दुकानात तीच डोळ्यांत भरते. मग नमुना जोडून झाल्यावर सगळं एकमेकांत मिसळून जातं. जाणत्या बायका कापडांचं कृष्णधवल छायाचित्र काढून छटा तपासतात. लाल आणि गडद निळं आधी धुऊन घेतात, उन्हापासून लांब ठेवतात, घड्या अधूनमधून बदलतात, नाहीतर घडीवरच कापड विरतं. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीनं फिरतं पातं बाजारात आणलं आणि कात्रीनं तासन्‌तास चालणारं कापणीचं काम मिनिटांवर आलं. कापणं सोपं झालं तसा साठा वाढला.

आणि तरीही, गेल्या वीस वर्षांत यांतल्या अनेकजणी गीज बेंडकडे शिकायला वळल्या आहेत. मेरी ली बेंडॉल्फ, लोरेटा पेटवे यांच्या गोधड्या पाहून त्या स्वतःला बंधन घालून घेतात: या हिवाळ्यात नवं कापड नाही, जे आहे त्यात. बंधन मनानं घातलेलं आणि गरिबीनं लादलेलं यांत फरक आहे. तो पुसून गरिबीचं कौतुक करू नये. पण हातचं कापड संपल्यावर डोळा वेगळं पाहू लागतो, हे दोन्हीकडे खरं आहे.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटण्याचं कारण नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांपैकी काही निसटून घाटावरच्या रानात गेले. त्यांचे वंशज, सिद्दी, आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहतात आणि त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचा भरणा आहे. सिद्दी बायका जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. सुरुवात कोपऱ्यातून, मग कडेकडेनं धावदोरा घालत मध्याकडे, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे ‘फुला’. फुला नसतील तर कवंदी नागडी समजतात. हेन्री ड्रेवाल या अमेरिकन अभ्यासकानं सिद्दींमध्ये काम केलं आणि २००४ मध्ये तिथल्या बायकांची गोधडी सहकारी संस्था उभी राहिली. कवंदी आणि गीज बेंडची गोधडी दिसायला बहिणी वाटतात. त्याचं श्रेय आफ्रिकेच्या आठवणीला द्यायचा मोह होतो. थोडं तिचंही असेल. पण सिद्दी बाईच्या गाठोड्यात साडी, परकर, पोलकं आहे आणि पेटवे बाईच्या गाठोड्यात पँट, आणि दोघींच्या शिवणीत हा फरक उतरलेला आहे. साम्याहून तो अधिक शिकवतो.

आपल्या गोधडीचंही तसंच. नऊवारी सुती लुगडं वर आणि खाली, आत धोतर, जुनी दुपटी, फाटकी चोळी, आणि काठ उसवून त्याचीच कड. लुगडं लांबरुंद असल्यामुळे मराठी गोधडीला तुकड्यांची गरज मुळात कमी. तुकडे येतात ते विरलेली जागा झाकायला किंवा हौसेनं. नंतर दोन गोष्टींनी गाठोडं बदललं. दारावर बोहारीण येऊ लागली आणि जुन्या लुगड्यावर स्टीलचं पातेलं मिळू लागलं. प्रत्येक लुगड्यापाशी घरच्या बाईला निवड करावी लागली, पातेलं की पांघरूण. आणि मग सुती लुगड्याच्या जागी पॉलिएस्टरची साडी आली. ती विरत नाही, घाम टिपत नाही, थरांत सरकते, आणि धावदोरा तिच्यात धरत नाही. आजच्या गोधडीचे टाके जवळजवळ का नाहीत असं विचारणाऱ्यांनी आधी कापड बोटांत धरून पाहावं.

पुढच्या पानांवर गोधड्यांची चित्रं आहेत. ती पाहताना दर्शनी बाजूवर समाधान मानू नये. जिथे मागची बाजूही छापली आहे तिथे थांबावं, कारण पोत्याची अक्षरं, दोऱ्याच्या गाठी आणि भर सरकल्याच्या खुणा तिथेच दिसतात. शिवणीजवळ रंग अचानक बदलला असेल तर तिथे कापड संपलं होतं असं धरून चालावं. प्रत्येक चित्राखाली कापडाची जात दिली आहे: डेनिम, कॉर्डरॉय, पोतं, सुती लुगडं, नायलॉन. नमुन्याचं नाव त्यानंतर येतं.